तेलाच्या पिशवीवरचा ३१९ आणि वाशिमच्या बागेत गळालेली संत्री

स्वयंपाकघरात जा आणि रिफाइंड तेलाची पिशवी उलटी करून बघा. अक्षरं इतकी बारीक असतात की फोनचा कॅमेरा झूम करावा लागेल, पण बऱ्याच पिशव्यांवर 'अँटिऑक्सिडंट आयएनएस ३१९' असं छापलेलं सापडेल. चिप्स आणि नमकीनच्या पाकिटांवरही हा नंबर दिसतो. ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, कारखान्यात तयार होणारं एक रसायन. त्याचं काम एकच, तेल खवट होऊ न देणं. आपल्याकडे १ किलो तेलात जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम टीबीएचक्यू चालतं. त्या मर्यादेत असेल तर घाबरायचं कारण नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काहीही फॉरवर्ड करो.

पण त्याच यादीत आणखी नंबर आहेत. ३०७ म्हणजे टोकोफेरॉल, आपण ज्याला व्हिटॅमिन ई म्हणतो ते. ३९२ म्हणजे रोझमेरी नावाच्या झुडपाच्या पानांचा अर्क. म्हणजे हेच काम झाडातून काढलेला पदार्थही करू शकतो, आणि लेबलवर 'नैसर्गिक' लिहायला मिळालं तर कंपन्यांना ते हवंच असतं. मग प्रश्न येतो की हा पदार्थ स्वस्तात कुठून काढायचा. जगभरातल्या प्रयोगशाळांनी याचं एक उत्तर पकडलंय: पीक काढल्यावर जे उरतं त्यातून. साली, टरफलं, पानं, मुळं, काड्या.

हे वाचलं की आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कुणालाही आपलं वावर आठवणार. सोयाबीन, तूर, कापूस, हळद, संत्री, सगळं आपल्याकडे पिकतं आणि सगळ्याचं काही ना काही उरतं. एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणाऱ्या माझ्या मित्राला अशीच एक रील आली होती, शेतातल्या कचऱ्यातून लाखो कमवा छापाची, आणि खाली अल्ट्रासाउंड मशीन विकणाऱ्याचा नंबर. त्याने मला पाठवून विचारलं, "भाऊ, हे खरं हाय काय?" विज्ञान खरं आहे. व्यवसायाचं उत्तर लांब आहे, आणि हा लेख म्हणजे तेच लांब उत्तर.

अँटिऑक्सिडंट करतं काय?

तेल खवट होतं, कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, लोखंड गंजतं. या सगळ्यामागे ऑक्सिडेशन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनची हिसकाहिसकी. तेलात काय होतं बघा. एका रेणूचा एक इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय मोकळा पडला की तो शेजारच्या रेणूकडून हायड्रोजन ओढतो. आता शेजारी अस्वस्थ, तो पुढच्याकडून ओढतो. साखळी सुरू. अशा मोकाट रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात. अँटिऑक्सिडंट मध्ये येतं आणि स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं. त्याची रचनाच अशी असते की एक हायड्रोजन गेल्यावरही ते बऱ्यापैकी स्थिर राहतं आणि साखळी तिथेच तुटते.

वनस्पती हे पदार्थ आपल्यासाठी बनवत नाहीत. पानांवर दिवसभर ऊन पडतं, त्यातले अतिनील किरण, वर किडी, वर बुरशी, आणि झाडाला पळून जाता येत नाही. म्हणून ते रसायनं बनवून लढतं. त्यातला मोठा गट फिनॉलचा. त्यामुळेच हे पदार्थ बहुतेक वेळा सालीत, टरफलात, पानात जास्त असतात. झाडाची बाहेरची तटबंदी तीच, आणि आपण नेमकी तीच फेकून देतो.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. तेलाच्या पिशवीत काम करतं म्हणून गोळी करून खाल्ल्यावर शरीरातही तसंच काम करेल असं नसतं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती, तो उलट १८ टक्के जास्त आढळला. म्हणून कुठल्याही पावडरीवर 'अँटिऑक्सिडंट' लिहिलंय एवढ्यावरून ती औषध होत नाही. या लेखात मी अन्न टिकवणं आणि उद्योगाचा कच्चा माल याबद्दलच बोलतोय.

आधी हे ठरवू की कचरा कशाला म्हणायचं

शोधनिबंधांची सुरुवात ठरलेली असते: दरवर्षी इतके टन पीक अवशेष वाया जातात. मला हे वाक्य खटकतं. सोयाबीन मळणी यंत्रातून निघालं की उरलेलं कुटार जनावरांच्या पुढ्यात जातं. तुराट्या चुलीत जातात, कुडाला लागतात, गोठ्याच्या आडोशाला लागतात. पऱ्हाट्यांचंही जळण होतं, हल्ली काही ठिकाणी त्यांचा भुगा करून ब्रिकेट बनतात. सोयाबीनचा पाला तर सोंगणीच्या आधीच गळून मातीत मिसळतो, तुरीचाही बराचसा तसाच. आपल्या कोरडवाहू जमिनीला फुकटात मिळणारा सेंद्रिय कर्ब तोच. तो पाला गोळा करून कारखान्यात नेला तर जमिनीच्या खिशातून काढून घेतल्यासारखं आहे. पुढच्या वर्षी खताच्या पोत्याच्या रूपात ते परत द्यावं लागणार.

म्हणजे खरा कचरा कोणता? ज्याला आज गिऱ्हाईक नाही आणि जो जागेवर राहिला तर त्रासच देतो, तो. आणि जो आधीच एका जागी गोळा झालाय, तो त्याहून बरा, कारण गोळा करायचा खर्च वाचतो. हे दोन निकष लक्षात ठेवा.

अर्क काढणं म्हणजे चहा करणं

गंमत नाही, खरंच. चहाची पत्ती वनस्पतीचा सुका भाग, गरम पाणी द्रावक, आणि कपात उतरतात ते मुख्यतः फिनॉल गटातलेच पदार्थ आणि कॅफिन. पत्ती बारीक असेल तर लवकर उतरतो, पाणी गरम असेल तर जास्त उतरतो, फार उकळला तर कडवट होतो. अर्क काढण्याच्या शास्त्रातले निम्मे नियम या तीन वाक्यांत आले.

अडचण अशी की प्रत्येक पदार्थ पाण्यात उतरत नाही. मग उद्योग दुसऱ्या द्रावकांकडे वळतो. सोयाबीनचंच घ्या. सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल काढतात ते हेक्झेनने. हे पेट्रोलियममधून येतं, ६९ अंशाला उकळतं, पटकन पेट घेतं आणि वर्षानुवर्षं त्याच्या वाफेत काम केलं तर नसांना इजा होते. प्रयोगशाळेत फिनॉलसाठी मिथेनॉल वापरायचे, तेही विषारीच. 'पर्यावरणपूरक' पद्धत म्हणजे ढोबळमानाने तीन गोष्टी: द्रावक निरुपद्रवी, तो कमी लागावा, आणि ऊर्जा कमी लागावी. पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली, त्यातून ही विचारसरणी रुजली. योगायोग म्हणजे वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तोही १९९८ च्या जुलैत.

आता यंत्रं. रीलवाला विकत होता ते अल्ट्रासाउंड. चष्म्याच्या दुकानात चष्मा एका छोट्या पाण्याच्या टबात ठेवून साफ करतात ना, तेच तंत्र. आपल्याला ऐकू येत नाही अशा, २० हजार हर्ट्झच्या वरच्या ध्वनिलहरी पाण्यात सोडल्या की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना त्या एवढ्याशा जागेत क्षणभर प्रचंड दाब आणि तापमान तयार होतं, त्याने वनस्पतीच्या पेशींच्या भिंती फाटतात आणि आतला माल बाहेर येतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हेच बुडबुडे आवाजाशिवायही करता येतात, पाणी पंपाने अरुंद छिद्रातून जोरात ढकलून. मोठ्या प्रमाणावर हा मार्ग जास्त परवडतो. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीमध्ये, प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी कॅव्हिटेशनवर बरीच वर्षं काम केलंय आणि त्या विषयात त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. म्हणजे हे ज्ञान परदेशातून मागवायची गरज नाही.

दुसरं मायक्रोवेव्ह. घरच्या ओव्हनसारखंच, २.४५ गिगाहर्ट्झ. तुमचं वायफाय चालतं त्याच पट्ट्यातल्या लहरी, फक्त ताकद हजारो पटींनी जास्त आणि पेटीत कोंडलेल्या. पेशीतलं पाणी आतून तापतं, वाफ होते, पेशी फुटते. मिनिटांत काम होतं.

तिसरा सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. तो वायूसारखा भेगांत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब सोडला की उडून जातो, मागे थेंबभरही द्रावक उरत नाही. कॅफिन काढलेली कॉफी अशी बनते. पण त्याला तेलकट पदार्थ आवडतात, बहुतेक फिनॉल त्यात नीट विरघळत नाहीत, सोबत थोडा अल्कोहोल घालावा लागतो. आणि यंत्र महाग. बाइकच्या टायरमध्ये दोनेक बार हवा असते, इथे प्रत्यक्षात दोनशे-तीनशे बारची टाकी लागते. गावपातळीवर याचा विचारही करू नका.

चौथं सगळ्यात मजेशीर आणि थेट आपल्या तुरीशी संबंधित आहे. दोन घन पदार्थ एकत्र कालवले आणि त्यांचं पाणी झालं, असं कधी पाहिलंय? कोलीन क्लोराइड, जे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, ते वितळायला ३०० अंशांच्या वर तापमान लागतं. युरिया वितळतो १३३ अंशांना. पण एकास दोन प्रमाणात मिसळले तर मिश्रण १२ अंशांनाच द्रव होतं, म्हणजे आपल्या खोलीत ते द्रवच. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने २००३ मध्ये हे मांडलं. अशा मिश्रणांना डीप युटेक्टिक सॉल्व्हंट म्हणतात. ते उडून जात नाहीत, सहसा पेट घेत नाहीत, आणि घटक बदलून वेगवेगळ्या पदार्थांसाठी जुळवून घेता येतात.

२०१५ मध्ये चिनी संशोधकांच्या एका गटाने अशाच द्रावकात मायक्रोवेव्ह वापरून तुरीच्या मुळांतून जेनिस्टिन, जेनिस्टीन आणि एपिजेनिन हे तीन पदार्थ काढून दाखवले. जेनिस्टीन म्हणजे सोयाबीनमध्ये सापडतं तेच. तूर आणि सोयाबीन दोन्ही शेंगवर्गातली, त्यामुळे नातं जवळचं. आपल्याकडे तूर हे मुख्य पीक, आणि तुरीच्या मुळांवर नावाजलेलं काम झालं ते चीनमध्ये. हे जरा लागतं मनाला. पण भावनेच्या भरात हिशोब विसरायचा नाही. तुरीचं मूळ काळ्या जमिनीत खोल जातं. जानेवारीत भेगाळलेल्या वावरातून ते उपटायला मजूर किती लागतील, हे ज्याने एकदा धसकटं वेचलीत त्यालाच विचारा. शिवाय मुळांवरच्या गाठींमधलं नत्र जमिनीत राहावं म्हणून तर आपण तूर घेतो.

आणि हे द्रावक उडून जात नाही हा त्याचा गुण, तोच त्याचा दोषही. उडत नाही म्हणजे गरम करून वेगळं करता येत नाही. मग रेझिनच्या नळीतून गाळून पदार्थ पकडावा लागतो. प्रत्येक पद्धतीत कुठेतरी असा टोलनाका असतोच.

२० लिटरचा प्रश्न

माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा हा आहे. प्रयोगशाळेतल्या पद्धतीत १ ग्रॅम पावडरला २० मिलिलिटर द्रावक हे अगदी सर्रास प्रमाण आहे. चाचणी नळीत ते छान दिसतं. आता हेच १ टनाला लावा. २० हजार लिटर द्रावक. पाण्याचे दोन मोठे टँकर.

समजा द्रावक पाणी आहे. याहून हरित काय असणार? पण शेवटी पावडर हवी, म्हणजे पाणी उडवायचं. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात. २० हजार किलोला साडेचार कोटी किलोज्यूल, म्हणजे साधारण १२,५०० युनिट वीज. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची दहा वर्षांची वीज एका टन मालावर. आणि त्या टनात समजा १ टक्का फिनॉल असतील, तर सगळेच्या सगळे निघाले तरी हातात १० किलो. वाफेची उष्णता परत वापरणारे बाष्पीभवक असतात, पाणी गाळून घट्ट करणाऱ्या पडद्याच्या चाळण्या असतात, त्यांनी हा आकडा बराच खाली येतो. पण ती यंत्रं अल्ट्रासाउंडच्या रीलमध्ये दिसत नाहीत. अल्कोहोल वापरला तर वाफ करायला ऊर्जा कमी लागते, पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच. पण मग आग लागण्याची भीती आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, दोन्ही आले.

कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. फंक्शन लॅपटॉपवर दहा ओळींच्या डेटावर मस्त चालतं आणि खऱ्या सर्व्हरवर मेमरी खाऊन टाकतं. अर्क बाहेर काढणं ही अवघड पायरी नाही. तो द्रावकातून परत मिळवणं अवघड आहे. म्हणून मला ती पद्धत आवडते जिच्यात उकळायचंच नाही.

गळालेलं संत्रं आणि चुना

कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव भागात संत्र्याच्या बागा आहेत. बागवाल्याला फळगळ काय असते हे सांगायला नको. आंबिया बहारात जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, बारकी फळं धरतात, आणि उन्हाळ्यात त्यातली बरीचशी झाड स्वतःच टाकून देतं. तेवढा भार त्याला पेलायचा नसतो. पुढे पावसाळ्यात पुन्हा गळ होते, ती जास्त वेदनादायक, कारण फळ मोठं झालेलं असतं. कधी पाणी साचतं, कधी बुरशी, कधी रस शोषणारा पतंग किंवा फळमाशी. तज्ज्ञ सांगतात की गळालेली फळं बागेत ठेवू नका, गोळा करून बाहेर नेऊन पुरा, नाहीतर कीड-रोग तिथेच वाढतात.

बघा, वरचे निकष इथे लागू होतात. हा असा अवशेष आहे की जो उचलून न्यायचा सल्ला आधीच आहे, जो जनावरं फारशी खात नाहीत आणि ज्याला गिऱ्हाईक नाही.

संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात हेस्पेरिडिन असतं. लेब्रेटन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८२८ मध्ये पहिल्यांदा वेगळं केलं. फळ जितकं कोवळं, तितकं सुक्या वजनाच्या हिशोबाने हेस्पेरिडिन जास्त. पिकताना फळ फुगतं, साखर आणि रस वाढतो, आणि प्रमाण घसरतं. म्हणजे बाजारात ज्याची किंमत शून्य ते कच्चं गळालेलं फळ या बाबतीत पिकलेल्यापेक्षा श्रीमंत. चिनी वैद्यकात अशी कच्ची लिंबूवर्गीय फळं वाळवून वापरायची जुनी पद्धत आहे. हेस्पेरिडिनपासून डायॉस्मिन बनतं, आणि ही जोडी असलेल्या गोळ्या शिरांच्या त्रासासाठी, मूळव्याधीसाठी डॉक्टर लिहून देतात. मागणी खरी आहे, रीलमधली नाही.

आता काढायचं कसं? हेस्पेरिडिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कधर्मी पाण्यात विरघळतं. म्हणून साल कुटून चुन्याच्या पाण्यात भिजवायची. चुना, पानाला लावतात तोच. हेस्पेरिडिन पाण्यात उतरतं. गाळायचं. मग गाळलेल्या पाण्यात बेताने आम्ल घालून ते किंचित आंबट करायचं. आता हेस्पेरिडिनला पाण्यात राहणं जमत नाही, ते एक-दोन दिवसांत स्फटिक होऊन तळाशी बसतं. गाळा, धुवा, वाळवा. पिवळसर पावडर. हेक्झेन नाही, अल्कोहोल नाही, आणि मुख्य म्हणजे हजारो लिटर पाणी उकळणं नाही. निसर्ग स्वतःच वेगळं करून देतो. चुन्यामुळे सालीतलं पेक्टिन आवळतं, चोथा पिळायला सोपा जातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ज्यूसच्या कारखान्यांतल्या सालींना चुना लावून, पिळून, वाळवून गुरांचं खाद्य करतात ते याच कारणाने.

अल्ट्रासाउंड इथे जोडता येतं, भिजवायचा वेळ कमी होतो. पण ते वरचं तूप आहे, पोळी नाही.

भाबडेपणा नको म्हणून दुसरी बाजूही. चुना जास्त झाला आणि हवेत फार वेळ राहिलं तर हेस्पेरिडिन खराब होतं. उरलेल्या पाण्यात साखर, क्षार, आम्ल असतं, ते नाल्यात सोडलं तर नाल्यातला ऑक्सिजन संपेल, म्हणजे पर्यावरणपूरक पद्धतीनेच पर्यावरणाचं नुकसान. ते शुद्ध करायची सोय हवीच. उन्हाळ्यातली गळ वाटाण्याएवढी, वेचायला कष्टाची. पावसाळ्यातली मोठी, पण त्यात बुरशी लागलेली फळं असतात आणि बुरशीची विषं अर्कात यायला नकोत. निवडावं लागेल. आणि अँटिऑक्सिडंट म्हणून मोजलं तर हेस्पेरिडिन फार बलवान नाही, गॅलिक आम्लापुढे ते फिकं पडतं. त्याचा भाव औषधी कच्चा माल म्हणून आहे. तेलाच्या पिशवीतल्या ३१९ ची जागा ते घेणार नाही.

ती जागा घेणारा पदार्थ मात्र सोयाबीनमध्येच आहे. तेल रिफाइन करताना शेवटी निर्वात टाकीत, २०० अंशांच्या वर, वाफ सोडून त्याचा वास काढतात. त्या वेळी जो गाळ बाहेर पडतो त्यात टोकोफेरॉल साठलेलं असतं. जगातल्या नैसर्गिक व्हिटॅमिन ईचा मोठा स्रोत हाच आहे. म्हणजे शेतमालाच्या कचऱ्यातून अँटिऑक्सिडंट हा धंदा आधीपासून चालू आहे, फक्त तो वावरात नाही, रिफायनरीत आहे. कारण तिथे कचरा एका नळीतून येतो.

मोजायचं कसं, आणि तुमचा फोन

अर्कात दम आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाची जांभळी भुकटी वापरतात. ते स्वतःच एक टिकाऊ फ्री रॅडिकल आहे. अर्क घातला आणि जांभळा रंग पिवळा झाला की समजायचं हायड्रोजन मिळाला. ५१७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात रंग किती उतरला ते मोजतात. हिरवा म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातला मधला चॅनल. त्यामुळे महागड्या यंत्राऐवजी फोनने फोटो काढून आरजीबी आकड्यांवरून हे मोजायचे प्रयोग बऱ्याच ठिकाणी झालेत आणि ठीकठाक चालतात.

डीपीपीएच घरी आणायचं नाही. पण त्याचा गरीब भाऊ मेडिकलमध्ये मिळतो, पोव्हिडोन आयोडीन. अर्धा ग्लास पाण्यात चार-पाच थेंब टाका, चहासारखा रंग येईल. आता संत्र्याची साल बारीक चिरून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळा, आणि ते पाणी ड्रॉपरने एकेक थेंब आयोडीनमध्ये सोडा. रंग उडतो. यात मुख्य काम व्हिटॅमिन सीचं आहे, फिनॉलचा हातभार थोडा. तुलनेसाठी व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम झालं. तेवढाच रंग उडवायला त्याचे किती थेंब लागतात ते मोजा. त्रैराशिकाने सालीच्या पाण्याचा जोर कळला. फोनने करायचं असेल तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच रंग 'सुधारून' तुमचा प्रयोग बिघडवेल. मागे पांढरा कागद ठेवा, उजेड तोच ठेवा आणि निळा चॅनल वाचा, कारण तपकिरी आयोडीन निळा प्रकाश खातं. खरं सांगायचं तर इथे कॅमेऱ्यापेक्षा थेंब मोजणं जास्त भरवशाचं. हे पाणी प्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

तापमान, वेळ, द्रावकाचं प्रमाण, यातलं सगळ्यात चांगलं मिश्रण शोधायला प्रत्येकाचे पाच पर्याय धरले तर १२५ प्रयोग होतात. संशोधक बॉक्स-बेहनकेन नावाची आखणी वापरून ते पंधरा-सतरा प्रयोगांत उरकतात आणि मधल्या जागा गणिताने भरतात. मशीन लर्निंग करणाऱ्यांना हे जुन्या मित्रासारखं वाटेल.

मशीनवाल्याला काय विचारायचं

मित्राला मी तीन प्रश्न दिले. एक, १ किलो पावडर बनवायला किती द्रावक लागतो आणि तो परत कसा मिळवता? दोन, ती पावडर घेणाऱ्या खरेदीदाराचं लेखी पत्र आहे का, आणि त्याला कोणत्या पदार्थाचं किती टक्के प्रमाण हवंय? 'अँटिऑक्सिडंट जास्त आहे' याला बाजारात भाव नाही. 'एचपीएलसी तपासणीत हेस्पेरिडिन अमुक टक्के' याला आहे. तीन, वर्षातून किती महिने कच्चा माल मिळेल? सोयाबीन ऑक्टोबरात, तूर जानेवारीत, गळालेली संत्री मध्येच कधीतरी. दोन महिने चालून दहा महिने बंद राहणाऱ्या यंत्राचा हप्ता मात्र बारा महिने येतो. मशीनवाल्याकडून पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

सुरुवात करायचीच असेल तर जिथे माल आधीच गोळा होतो तिथून. डाळमिलमध्ये तुरीची टरफलं ढिगाने पडतात, त्यात फिनॉल असतात, मिल बरेच महिने चालते. आज ती पशुखाद्यात जातात, म्हणजे त्यांना किंमत आहे, पण अर्क काढल्यावर उरलेला चोथा पुन्हा पशुखाद्यातच जाऊ शकतो. शर्त एवढीच की द्रावक पाणी किंवा खाण्याजोगा असला पाहिजे. यंत्र घेण्याआधी दोन-पाच किलोचे नमुने तपासून घेणं स्वस्त पडतं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ आहे, रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, संत्र्यासाठी नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथे जाऊन विचारायला अ‍ॅडव्हान्स भरावा लागत नाही.

आणि नमुना तपासताना फिनॉलसोबत कीटकनाशकांचे अंशही तपासायला सांगा. दहा किलो टरफलातलं औषध शंभर ग्रॅम अर्कात गोळा होऊ शकतं. जे आधी मर्यादेत होतं ते शंभरपट घट्ट झाल्यावर मर्यादेत राहीलच असं नाही, आणि द्रावक कितीही हरित असला तरी तो चांगला-वाईट रेणू ओळखून निवडत नाही. संत्र्याच्या सालीवर तर फवारणी थेट बसते. बागेत शेवटची फवारणी कधी, कशाची झाली ही नोंद असेल तर त्या बागेच्या फळांची निवड सोपी होते. त्यासाठी फोनमधलं साधं नोट्स अ‍ॅपही पुरतं: तारीख, औषधाचं नाव, प्रमाण आणि बाटलीच्या लेबलचा एक फोटो.